साठ की ऐंशी

मस्कतच्या वादी कबीरमध्ये गॅरेजांची एक सबंध वस्ती आहे. आपली माणसं तिला अरबीतूनच सनैया म्हणतात. पत्र्याचे गाळे, मागे झाडाचं नाव नसलेले काळपट डोंगर, आणि दारात चेपलेल्या, सुटे भाग काढून घेतलेल्या, नाहीतर नुसत्याच म्हाताऱ्या झालेल्या गाड्या. तिथल्या एका गाळ्यात रत्नागिरीकडचा एक चाचा काम करायचा. 1970 साली सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा सगळ्या ओमानात मिळून डांबरी रस्ता जेमतेम दहा किलोमीटर होता म्हणतात. चाचा आला तो त्यानंतर दहा-बारा वर्षांनी. रस्ते वाढत गेले तशी त्याची गिऱ्हाइकं वाढली. एका गाडीचं इंजिन उतरवून दुसरीत बसवणं हे त्याचं खास काम.

हाताखाली चिपळूणचा एक पोरगा होता. आयटीआय झालेला, वाचणारा, कुठल्या साली कुठल्या मॉडेलला कुठलं इंजिन आलं ते विचारायचा अवकाश, घडाघडा सांगणारा. चाचाचा त्याच्यावर जीव होता. त्याला खोड एकच. गिऱ्हाईक दारात आलं की पोरगा आधी त्याच्या पायातल्या चपला बघायचा आणि मग गाडी.

एके सकाळी दोन गिऱ्हाइकं लागोपाठ आली. पहिला निझव्याचा व्यापारी. पांढरीशुभ्र कडक दिशदाशा, डोक्यावर भरतकाम केलेली कुम्मा, आणि तो गाळ्यात शिरला की ऑइलचा वास दबून नुसतं अत्तर दरवळावं असा थाट. जबल अखदरवर, सैकच्या पठारावर, त्याच्या डाळिंबाच्या बागा. दुसरा बिदियाचा बदू. सँडलच्या पट्ट्यांत वाळू, बोटांना दोराचे घट्टे. त्याचा व्यवसाय उंटांचा.

दोघांच्या गाड्या मात्र एकसारख्या. टोयोटाचा लँड क्रूझर पिकअप, ज्याला आखातात लहानथोर सगळे शास म्हणतात. साडेचार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, हाताने टाकायचे गिअर. दोन्ही इंजिनं थकलेली. मागणीही दोघांची एकच: शेवरोलेच्या ट्रकमधलं 5.3 लिटरचं व्ही-एट बसवून द्या, आणि त्याच्या पाठीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स.

आपल्याकडे असलं काही करायला गेलं की मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. ओमानातही मोकळं रान नाही. आधी पोलिसांची परवानगी, मग तपासणी, मग मुल्कियावर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कार्डावर, नव्या इंजिनाची नोंद. पण तिथे वाळू आहे आणि डोंगर आहे, आणि दोन्हींपुढे थकलेल्या इंजिनाचं काही चालत नाही, म्हणून माणसं ही सगळी यातायात करतात.

इंजिन ठरलेलं होतं. प्रश्न गिअरबॉक्सचा होता. खरं तर असल्या कामात सगळी चर्चा इंजिनाचीच होते. त्याचा आवाज येतो, दोस्तांना बॉनेट उघडून दाखवता येतं. गिअरबॉक्स गाडीच्या पोटाखाली असतो, तो दिसत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला उरलेले पैसे येतात. इंजिनाने काढलेला सगळा जोर चाकापर्यंत पोचवायचा त्यानेच, ही गोष्ट तो फुटेपर्यंत कुणाला आठवत नाही.

त्या व्ही-एटच्या मागे बसणारे दोन डबे सनैयात सहज मिळायचे. कारखान्याने एकाचं नाव ठेवलंय 4एल60ई, दुसऱ्याचं 4एल80ई. पहिला चार म्हणजे चार गिअर, शेवटचा ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक, आणि मधला आकडा म्हणजे डबा किती जोर सोसेल त्याचा ढोबळ अंदाज. सनैयात एवढं नाव कोण घेणार? साठ आणि ऐंशी. ऐंशी पोटाला मोठा, वजनाला बराच जड, आणि किमतीलाही चढा.

पोराने दोन्ही कोटेशनं झटक्यात लिहिली. व्यापाऱ्याला ऐंशी. बदूला साठ. चाचापुढे कागद धरून म्हणाला, "चाचा, शेठ पैसेवाला आहे, त्याला मोठा डबा देऊ. तो बदू गरीब दिसतो, त्याचं साठवर भागेल."

चाचाने दोन्ही कागद वाचले, उलटून मागची कोरी बाजूही बघितली.

"यात रस्ता कुठे लिहिलायस?"

"कसला रस्ता?"

"गाडी ज्या रस्त्यावर जाणार तो. आणि ओझं. गाडीवर काय लादतात ते."

"चाचा, इंजिन तेच, गाडी तीच. मग डबा ठरवायला पैशाशिवाय उरलं काय?"

चाचाने कागदांची घडी करून खिशात घातली आणि दोन्ही गिऱ्हाइकांना एकच उत्तर दिलं: भाव पंधरा दिवसांनी सांगतो. व्यापाऱ्याला ते आवडलं नाही. बदूला काही वाटलं नाही. उंटवाल्यांना थांबायची सवय असते.

पहिल्या शुक्रवारी चाचा पोराला घेऊन बिदियाला गेला. मस्कतहून इब्रामार्गे दोनशेवर किलोमीटर, आता चौपदरी रस्ता. आणि तो जिथे सोडायचा तिथून पुढे शर्कियाची वाळू, लालसर, ओळीने लांबवर गेलेल्या टेकड्यांची. बदूने खजूर पुढे केला, कहवा पाजला, मग चारी टायरमधली हवा निम्म्यावर आणली. मऊ वाळूत टायर पसरायला हवा, नाहीतर तो खणत बसतो.

मग उंटीण चढवली. हे पोराने कधी बघितलं नव्हतं. पिकअपच्या हौद्याभोवती पाइपचा कठडा. मातीच्या उंचवट्याला गाडी मागून टेकवली, उंटिणीला चुचकारत हौद्यात नेलं, खाली बसवलं आणि पुढचे पाय दुमडून गुडघ्याशी दोराने बांधले. पाचशे किलोंच्या आसपासचं जनावर, आणि मान टपाच्या वर. ती मान इकडून तिकडे वळली की गाडीचा तोल वळतो.

पहिल्या चढाला बदूने जोर घेतला. पहिल्या गिअरमध्ये इंजिन ओरडायला लागलं, त्याने क्लच दाबून दुसरा टाकला. क्लच दाबलेला होता तो एखादा सेकंद. तेवढ्यात वाळूने गाडी धरली. डांबरावर गिअर बदलताना गाडी आपल्या वेगाने पुढे जात राहते. वाळूत पाय उचलला की तिथेच बसते. क्लच प्लेट जळाल्याचा वास आला. बदूने गाडी मागे सोडली, लो रेंज टाकली, पुन्हा चढवली. पुन्हा क्लच, पुन्हा वास. उंटीण टपावरून पलीकडे बघत रवंथ करत होती.

"बघितलंस?" चाचा म्हणाला. "ऑटोमॅटिकमध्ये गिअर बदलताना ताण तुटत नाही, म्हणून याला ऑटोमॅटिक हवा. ती काही चैन नव्हे त्याची. पण तो ताण तुटत नाही, त्याचं मोल कोण देतं?"

पोरगा गप्प.

"तेल देतं. इंजिन आणि डब्याच्या मध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर आला. त्यात तेलानेच जोर पुढे ढकलायचा. रस्त्यावर वेग धरला की तो लॉक होतो आणि थंड राहतो. पण अशा चढावर गाडी हळू आणि इंजिन जोरात, तेव्हा तेल आतल्या आत घुसळत राहतं आणि तापतं. डब्यातलं तेल ऐंशी-नव्वद अंशांना सुखात असतं. एकशेवीसच्या वर गेलं की त्याचे दिवस भरायला लागतात. मग क्लच प्लेटा करपतात. साठच्या डब्यात तिसऱ्या-चौथ्याच्या आधी करपतात, मी स्वतः किती काढल्यात."

बदूला स्वतःलाही एक डबा सुचवायचा होता. त्याच्या मेहुण्याच्या गाडीत जुना तीन गिअरचा होता, टीएच400, 1964 पासूनचा. त्याला कॉम्प्युटर नाही, वायरींचं जंजाळ नाही, वाळूत बिघडला तरी लॅपटॉप लागत नाही. चाचाने मान डोलावली, कारण मागणीत शहाणपण होतं. मग विचारलं, "उंट कुठे कुठे नेतोस?"

"शर्यतींना. बरकापर्यंत."

बरका म्हणजे मस्कतच्याही पलीकडे, सगळा हायवे. पोराने तिथेच वाळूत बोटाने गणित मांडलं, कारण असलं गणित त्याला यायचं. चाकाचा घेर अडीच मीटर, डिफरन्शियल 4.1 चं. ताशी 120 ला, म्हणजे तिथल्या हायवेच्या मर्यादेला, तीन गिअरच्या डब्यात इंजिन मिनिटाला सव्वातीन हजार फेरे घेणार, सबंध वाटभर. ऐंशीचा चौथा गिअर 0.75 चा, त्यात साडेचोवीसशे. पेट्रोल वाचणार, इंजिनही वाचणार. आणि गंमत अशी, की 1991 मध्ये आलेला ऐंशी हा मुळात त्या जुन्या तीन गिअरवाल्याचाच वंशज. त्याला हायवेसाठी चौथा गिअर आणि वर कॉम्प्युटर जोडलाय. बदूला हवा होता तो कणखरपणा त्यात होताच. वायरींची कुरकुर मात्र त्याने शेवटपर्यंत केली, आणि त्यात तो चुकत होता असं मला वाटत नाही.

पुढच्या शुक्रवारी जबल अखदर. बिरकत अल-मौझला डोंगराच्या पायथ्याशी पोलिसांची चौकी आहे. चारचाकी जोर नसलेली गाडी तिथून वर सोडतच नाहीत. रस्ता उत्तम, रुंद, डांबरी. पण तीसएक किलोमीटरांत सैकच्या दोन हजार मीटर उंचीच्या पठारावर नेतो. उतरणीवर जागोजागी बाजूला खडीचे चढाव करून ठेवलेत, ब्रेक गेलेली गाडी त्यात घालून थांबवायला. ते कशासाठी आहेत हे पोराला वर जाताना कळलं नव्हतं.

वर बागा. पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत डाळिंबं, सप्टेंबरचा हंगाम, फळ असं की सांगोल्याच्या माणसानेही मुकाट्याने फोडून खावं. व्यापाऱ्याच्या ड्रायव्हरने क्रेट भरले. ओझं चार-पाचशे किलोंचं, म्हणजे जवळपास उंटिणीएवढंच. पोराच्या मनात आलं, झालं की, इथेही ऐंशीच.

उतरायला लागल्यावर त्याचं मत बदललं. गाडी चढायची रिकामी आणि उतरायची भरून. सगळं ओझं उतारावर, तेही सलग. ड्रायव्हरला सवय होती वरचा गिअर ठेवून ब्रेकवर पाय ठेवायची. एक वळण, दुसरं वळण, पाय ब्रेकवरच. अर्ध्यावर पायाला पेडल मऊ लागायला लागलं, तरी तो बोलला नाही. पोराने त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं. पायथ्याशी गाडी थांबली तेव्हा चाकांमधून धूर येत होता आणि करपलेल्या खोबऱ्यासारखा वास. चाचाने पिशवीतून तापमान मोजायची पिस्तूल काढली आणि पोराच्या हातात दिली. पोराने पुढच्या चाकाच्या फटीतून डिस्कवर तांबडा ठिपका टेकवला. आकडा तीनशेच्या वर गेला.

"याला गाडी ओढणारा डबा हवा की रोखणारा?" चाचाने विचारलं.

पोराने उत्तर दिलं नाही. मस्कतला परतल्यावर एका ऑइल फिल्टरच्या खोक्याचं झाकण फाडून त्यावर त्याने मार्करने दोन ओळी लिहिल्या, दोन्ही डब्यांच्या चारी गिअरांचे रेशो.

साठ: 3.06, 1.63, 1.00, 0.70.
ऐंशी: 2.48, 1.48, 1.00, 0.75.

आणि त्या ओळींकडे तो बराच वेळ बघत बसला. आकडे त्याला आधीपासून पाठ होते. पण ते आजवर नुसते आकडे होते. आता एका ओळीत त्याला वाळू दिसत होती आणि दुसरीत उतार.

"चाचा, साठचा पहिला गिअर खोल आहे. दुसरासुद्धा. लिव्हर खाली ओढून पहिल्या-दुसऱ्यात ठेवला तर उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवील, ब्रेकला आराम. शिवाय निझव्याहून मस्कतला माल नेताना चौथा 0.70 चा, म्हणजे तेवीसशे फेऱ्यांत काम होतं. शेठला साठ पुरे. कारखान्याने अर्ध्या टनाच्या सिल्व्हेराडोत याच 5.3 च्या मागे हाच डबा दिला होता."

"आणि ऐंशी कुणाला दिला होता कारखान्याने?"

"जड ओझ्याच्या ट्रकांना. 2500 ला, सहा लिटरच्या इंजिनामागे."

"मग वाळूचं सांग."

"साठचा पहिला गिअर खोल आहे, म्हणून आधी वाटलं वाळूत तोच बरा. पण पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना फार मोठी उडी आहे. चार हजारांवर गिअर बदलला तर इंजिन एकवीसशेवर येऊन पडतं. ऐंशीत चोवीसशेवर राहतं. चढावर ते तीनशे फेरेच कामाचे. पहिल्या गिअरची उणीव लो रेंज भरून काढते. आणि आतल्या प्लेटा जाड, तेल जास्त, म्हणून ताप सोसतो. चाचा, मी दोन्ही कागद उलटे लिहिले होते."

"कागद तू गाडीचे नव्हते लिहिले. माणसांचे लिहिले होते," चाचा म्हणाला. "खिसा बघून डबा दिला की एकाचा फुटतो आणि दुसऱ्याचा फुकट जातो. डबा ओझ्याला द्यायचा असतो, पोरा. ओझं आणि वाट. बाकी सगळं मागून."

तेवढं बोलून त्याने खिशातले जुने कागद काढले आणि त्यांना हात पुसले.

मग खरं काम सुरू झालं. ते सांगत बसलो तर रात्र जाईल, पण वाचणाऱ्यांतला कुणी या भानगडीत पडणार असेल तर एवढं त्याच्या कानावर घालून ठेवतो. डबा विकत घेतला म्हणजे बसला असं नाही. ट्रान्सफर केस टोयोटाचीच ठेवायची, कारण पुढचा डिफरन्शियल ज्या बाजूला असतो त्याच बाजूने शाफ्ट निघायला हवा. मग अमेरिकन डबा आणि जपानी ट्रान्सफर केस यांच्यामध्ये अडॅप्टर आला. डब्याची लांबी बदलली की पुढचा-मागचा दोन्ही शाफ्ट कापून नव्या मापाचे करून बॅलन्स करायचे, डब्याखालची आडवी पट्टी सरकवायची. ऐंशीला तर चेसिस आणि बोगदा दोन्हीकडे जागा करून द्यावी लागली. आणि कॉम्प्युटरला मागे कोण बसलाय ते सांगावं लागतं. साठचा प्रोग्रॅम ठेवून ऐंशी लावला तर गाडी भलत्याच वेळी भलताच गिअर टाकते, आणि मालक डब्याला शिव्या देतो. या साऱ्याचा खर्च डब्याच्या किमतीला जाऊन भिडतो. कोटेशनात तो न लिहिणारे पुष्कळ आहेत.

बदूच्या ऐंशीसाठी चाचाने भंगारातून एक जड ट्रक हुडकला. डबा उघडला, प्लेटा आणि सील बदलले, पंखा असलेला वेगळा ऑइल कूलर पुढे बसवला आणि तेलाच्या तापमानाचा काटा डॅशबोर्डवर, अगदी नजरेसमोर. "हा काटा इंजिनाच्या काट्याआधी बघायचा," असं त्याला दोनदा बजावलं. पैसे हप्त्याने ठरले.

अडचण व्यापाऱ्याची झाली. बिल कमी आलं म्हणून खूश होईल असं पोराला वाटलं होतं. तो रागावला. बदूच्या गाडीत ऐंशी चाललाय हे त्याने शेजारच्या गाळ्यात ऐकलं होतं.

"मुअल्लिम, मी काय पैसे कमी देतो?"

"नाही शेठ."

"मग त्या उंटवाल्याला ऐंशी आणि मला साठ?"

चाचाने पोराकडे बघितलं. पोरगा आत गेला आणि ते खोक्याचं झाकण घेऊन आला. त्याने व्यापाऱ्याला 3.06 म्हणजे काय आणि 2.48 म्हणजे काय ते सांगितलं, उतारावर इंजिन गाडीला कसं धरतं ते सांगितलं, आणि शेवटी त्या दिवशी डिस्कवर दिसलेला आकडा सांगितला. तो ऐकल्यावर व्यापारी खुर्चीत बसला. ड्रायव्हरने त्याला हे कधी सांगितलं नव्हतं.

"वाचलेल्या पैशांत," चाचा म्हणाला, "चारी चाकांचे ब्रेक नवे करू. आणि ड्रायव्हरला एक दिवस माझ्याकडे पाठवा. लिव्हर खाली कधी ओढायचा ते शिकवतो. ते नाही शिकला तर साठ काय आणि ऐंशी काय."

व्यापाऱ्याने होकार दिला. ब्रेकना दिला, ड्रायव्हरच्या शिकवणीला दिला, साठलाही दिला. जाता जाता मात्र दारात थांबला.

"एक करा. मागच्या फाळक्यावर ऐंशी लिहा."

पोराला हसू फुटणार होतं. चाचाने त्याला डोळ्याने दटावलं आणि शेठला विचारलं, "आकडा अरबीत की इंग्रजीत?"

"दोन्ही."

पोराने स्टिकर रुवीहून आणून चिकटवला, आणि बिलात त्याचे पाचशे बैसा वेगळे दाखवले.